घरात न आणलेली भाषा

कीरकाकांना मी पहिल्यांदा मरताना पाहिलं ते हमीदभाईंच्या कोल्ड स्टोअरमध्ये, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर. इथं बहारीनमध्ये वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. कुणीतरी एक जुनी इंग्रजी मालिका इंटरनेटवर टाकली होती. तीत काका बोटीवरचे वेटर होते आणि दुसऱ्या कुणासाठी विष घातलेलं सरबत चुकून पिऊन मरत होते. गंमत अशी की मरणारा माणूस माझ्या शेजारीच कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा होता.

"आता बघ गो बाय," ते म्हणाले, "मी ट्रे आधी खाली ठेवतो, मग पडतो. दिग्दर्शक म्हणत होता, ट्रे हातातून सुटू दे, आवाज होऊ दे. मी म्हटलं, साहेब, जन्म बोटीवर काढलेला माणूस आहे हा. मरेल, पण ट्रे टाकणार नाही."

"मग ऐकलं त्यानं?"

"बघ की."

पडद्यावरच्या तरुण काकांनी छाती धरली, गुडघे वाकवले, ट्रे टेबलावर अलगद ठेवला आणि ते कोसळले. कोसळले तेही चौकटीच्या बाहेर. कॅमेरा केव्हाच नायिकेच्या चेहऱ्याकडे वळला होता.

"एवढाच?" हमीदभाई म्हणाले.

"एवढंच. पुढं ती बाई भागच्या भाग रडते, पण नायकासाठी. माझं नावसुद्धा कोणी काढत नाही." आणि काका मनापासून हसले.

गेल्या हिवाळ्यात काका खरोखरच गेले. मराठी मंडळाच्या ग्रुपवर पणतीचं चित्र लावून 'ज्येष्ठ रंगकर्मी' असं काहीतरी आलं आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मला संताप आला. त्या रांगेतल्या बहुतेकांनी काकांच्या शेवटच्या काळात त्यांच्या दाराची घंटा कधी वाजवली नव्हती. आणि रंगकर्मी म्हणे! काका स्वतःला 'मागचा माणूस' म्हणत. "नाटकात एक पुढचा माणूस असतो, एक मागचा. मागचा नसला तर पुढचा कुणाशी बोलणार?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यात तक्रार नसायची. सुतारानं आपण सुतार असल्याचं सांगावं तसं ते सांगत.

यशवंत कीर, मूळचे रत्नागिरीचे. तरुणपणी ड्राफ्ट्समनचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेले, तिथं एका नाटक कंपनीचे पडदे रंगवायला लागले आणि एक दिवस कुणीतरी आजारी पडलं म्हणून ताट घेऊन रंगमंचावर गेले. ते ताट पुढं जन्मभर त्यांच्या हातात राहिलं. नाटकं, टीव्हीच्या मालिका, थोडे सिनेमे. त्यांच्या मते त्यांच्या भूमिकांचे प्रकार तीनच होते: कोपऱ्यावरचा दुकानदार, वाईट बातमी देणारा डॉक्टर आणि प्रेत. मधूनच शेख. "शेख मी पार चुकीचा केला," ते इथं आल्यावर मला म्हणाले होते. हूरा वस्तीतल्या आमच्या इमारतीचे मालक, एक वयस्कर बहारीनी गृहस्थ, संध्याकाळी खाली खुर्ची टाकून शांतपणे बसलेले असत. त्यांना पाहून काकांना आपली जुनी भूमिका आठवून लाज वाटे. "हा माणूस बघ. तासभर बसलाय, हात एकदाही मांडीवरून उचलला नाही. आणि मी काय ते हात नाचवले!"

त्यांच्या आडनावानंही त्यांना बरंच नाचवलं. एजंटनं इंग्रजीत ते असं काही लिहिलं होतं की वाचणाऱ्याला हा स्कॉटलंडचा माणूस वाटे. मग स्कॉटिश हवालदाराच्या कामासाठी बोलावणं यायचं. काका बूट चकचकीत करून जायचे, दार उघडणाऱ्याचा चेहरा पडायचा, आत कुजबुज व्हायची आणि शेवटी 'आलाच आहात तर' म्हणून त्यांना त्याच नाटकातला बोटीवरचा खलाशी मिळायचा. हे सांगताना ते तिन्ही माणसांचे चेहरे करून दाखवत. हवालदाराचा, दार उघडणाऱ्याचा आणि आपला स्वतःचा. त्यातला स्वतःचा चेहरा सगळ्यात गमतीचा असे.

मी त्यांना भेटले ती लिफ्टमध्ये. मी फोनवर आईशी तावातावानं बोलत होते, आमच्या बोलीत, कुणाला कळणार नाही अशा खात्रीनं. शेजारी कोट-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ इंग्रज वाटावेत इतके ताठ उभे होते. मी फोन ठेवला तसे ते म्हणाले, "क्षमस्व. आपण रत्नागिरीकडच्या काय?"

अशी मराठी मी शाळा सुटल्यापासून ऐकली नव्हती. ते बोटीला आगबोट म्हणत, रेडिओला नभोवाणी म्हणत. त्यांनी मला विचारलं, भगवती बंदराला आगबोट अजून लागते का. आगबोट बंद होऊन किती काळ लोटला हे सांगायला माझी जीभ उचलेना. त्यांची भाषा त्यांच्याबरोबर बोटीत बसून इंग्लंडला गेली आणि तिथं पेटीतल्या कपड्यांसारखी घडी न मोडता राहिली. महिनाभरात मात्र ती घडी मोडली. 'आपण' गेलं, 'गो बाय' आलं, आणि माझ्या हातची कुळथाची पिठी खाताना तर ते पुरते घरचे झाले.

काका इथं आले ते मुलीमुळे. नीना त्यांची एकुलती एक. इथल्या एका इंग्रजी शाळेत शिकवते, शाळेनं तिला आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर घर दिलंय. आई मार्गारेट नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायची. ती गेली तेव्हा नीनानं वडिलांना एकटं न ठेवता इथं आणलं. नीना पन्नाशीकडे झुकलेली, उंच, सावळी, कुठल्याही मराठी घरात चहाचे कप उचलताना शोभली असती अशी. पण तिला मराठीचा शब्द येत नव्हता. तिचं बोलणं सगळं इंग्रजीत. इथं मी ते मराठीत लिहिते आहे एवढंच.

हे मला फार विचित्र वाटायचं. आमची इथली मुलंही इंग्रजीतच उत्तर देतात, पण त्यांना कळतं तरी. माझ्या मुलाला "भांडं उचल" म्हटलं की तो "इन अ मिनिट" म्हणतो आणि उचलत नाही, म्हणजे कळतं. नीनाला 'पाणी'सुद्धा ठाऊक नव्हतं. एकदा मी काकांना सरळच विचारलं, पोरीला तुम्ही काहीच कसं शिकवलं नाही?

त्याचं उत्तर त्यांनी मला तिथं दिलं नाही. "खाली चल," म्हणाले. आम्ही हमीदभाईंच्या दुकानात गेलो. हमीदभाई दाभोळचे, गप्पांना केव्हाही तयार. काका त्यांना म्हणाले, "थोडं सरकता काय? तुमच्या जागेवर उभा राहतो." काउंटरच्या मागं गेले, चष्मा नाकावर ओढला आणि एकदम मान डोलवत, हात चोळत, कुठल्यातरी भलत्याच हेल काढलेल्या इंग्रजीत बोलायला लागले. सर काय, मॅडम काय, शब्दाशब्दाला लवून. इंग्लंडमध्ये या दुकानदारावर लोक पोट धरून हसत असत. आम्ही दोघं हसलो नाही. हमीदभाई जरा वेळानं म्हणाले, "असा कोन बोलतंय काका? आपल्यातला कोनी असा बोलत नाय."

"कोणीच बोलत नाही," काका म्हणाले. "मी पहिल्यांदा कामाला गेलो तेव्हा मी जसा बोलतो तसा बोललो. साहेब म्हणाला, आणखी इंडियन हवं. मला कळेना आणखी कसं व्हायचं. तेव्हा कंपनीत एक गोरा नट होता, तोंडाला रंग फासून हिंदी माणसाची कामं करायचा. त्यानं मला हे शिकवलं. संध्याकाळी बसवून, मान कशी हलवायची तेसुद्धा. फार चांगला माणूस. यावर माझं घर उभं राहिलं."

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. एका आवाजातून दुसऱ्यात जाणं हे नटाचं काम, आणि कामाला आवाज स्वच्छ लागतो. स्टुडिओत त्यांना हा नकली हेल लागे आणि बाकी वेळी अगदी निर्मळ इंग्रजी, नाहीतर डॉक्टरची कामं मिळत नसत. मध्ये कुठंतरी खरा, रत्नागिरीचा सूर डोकावला की दोन्ही बिघडे. दुकानदार, डॉक्टर, नोकर या सगळ्यांना घरात जागा होती. कोकणातल्या यशवंताला नव्हती. त्यांनी ठरवून मराठी घराबाहेर ठेवली. मार्गारेटशी नाही, मुलीशी नाही. पोरगी पाळण्यात असताना गाणं ओठावर यायचं तर ते खोलीबाहेर जाऊन खोकत.

"आणि दुसरं," ते म्हणाले, "मला भीती होती. तिच्या बोलण्यात माझा सूर आला असता तर तिलाही कुणीतरी म्हणालं असतं, आणखी इंडियन हवं. माझ्या पोरीनं मान डोलवावी हे मला नको होतं."

हे ऐकून मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं आणि रागही आला. प्रेमानं केलेली चूक होती, आणि तशी चूक निस्तरणं सगळ्यात अवघड असतं. पण तेव्हा निस्तरण्यासारखं काही दिसत नव्हतं. बापलेकीचं छान चाललं होतं. दोघं इंग्रजीत एकमेकांची चेष्टा करत. लहानपणी नीना काकांच्या पाठांतराला बसायची. ती समोरच्याची वाक्यं वाचायची, काका आपली म्हणायचे. अजूनही जेवताना ती मध्येच एखाद्या राणीचं वाक्य फेकायची आणि काका हातातला चमचा ठेवून बटलर होऊन उत्तर द्यायचे.

मग एका वर्षी गणपतीत मंडळानं एकांकिका बसवली आणि मी काकांना ओढून नेलं. जिदहफ्स भागात एकाच्या घरी दिवाणखान्यात तालमी चालत. आयुष्यात काकांनी मराठीत काम केलं नव्हतं. मंडळी त्यांना आजोबांची मोठी भूमिका देत होती. त्यांनी घरगड्याचं छोटं काम मागून घेतलं. आणि पहिल्या तालमीला हा माणूस, शेकडो रात्री रंगमंचावर काढलेला, ताट घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं काका?"

"हात कुठं ठेवायचे कळत नाही गो," ते म्हणाले. "इंग्रजीत माझे हात मला ठाऊक आहेत. या भाषेत मी फक्त आईशी बोललोय. तेव्हा हात तिच्या पदरात असायचे."

तरी प्रयोगात त्यांनी कमाल केली. करायचं काहीच नव्हतं. मालक ओरडतो आणि गडी ऐकून घेतो, एवढंच. पण ते ऐकणं! पाठीतून, मानेतून, पायाच्या अंगठ्यातून ऐकत होते. शेजारी बसलेली नीना मला म्हणाली, "बाबांना मी एवढं खरं कधी पाहिलं नाही. ते काय म्हणतायत?" मी म्हटलं, "काहीच नाही, 'होय मालक' म्हणतायत." ती खुर्चीच्या कडेवर सरकून बसली.

प्रयोगानंतर नीनाच्या शाळेचे मुख्याध्यापक, एक इंग्रज गृहस्थ, कौतुक करायला आले. काका त्यांच्याशी मराठीत बोलू लागले. आम्हांला आधी ती गंमत वाटली. मुख्याध्यापकही हसले. पण काका थांबेनात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू घाम आला, तेव्हा नीनानं त्यांचा हात धरला. ते इंग्रजी शोधत होते आणि त्यांना ते सापडत नव्हतं. थोड्या वेळानं सापडलं. 

त्यानंतर वर्षभर जे झालं ते पाहवत नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी जाते. काकांचं इंग्रजी ओहोटीसारखं गेलं. सकाळी असायचं, दुपारी नसायचं. मग सकाळीही नसायचं. मागं राहिली ती मराठी, आणि तीही शाळेतली नव्हे, भगवती बंदराजवळच्या घरातली. 'म्हणा'चं 'म्हना' झालं, 'पण'चं 'पन'. ज्या माणसानं जन्मभर आपला खरा सूर दाराबाहेर उभा केला होता, त्याच्याजवळ आता तेवढाच उरला. आणि ज्या एका माणसाशी बोलायचं, तिला तो कळत नव्हता.

त्यांना तहान लागे, नीना चादर आणे. ते बूट मागत, ती डॉक्टरला फोन लावे. काका रागावणारे नव्हते, पण आता ते चिडून भिंतीकडे तोंड करत आणि नीना जिन्यात येऊन रडत बसे. मग तिनं एक मार्ग काढला. ते बोलले की ती फोनवर टेप करी आणि शाळेतून आल्यावर माझ्याकडे खाली येई. माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघी ते ऐकत असू आणि मी सांगत असे: शर्टाचं बटण तुटलंय म्हणतायत. बाहेर कोण ओरडतंय विचारतायत. मासळी ताजी नाही म्हणतायत. हे शेवटचं ऐकून ती हसायची.

असंच एका दुपारी तिनं फोन माझ्यासमोर ठेवला. आमचे हे तुबलीच्या गॅरेजमधून जेवायला आलेले, तेही ऐकत होते. काकांचा आवाज अगदी मऊ होता.

"बाय, तुमी लय करता माझं. देव तुमचं भलं करो. माझी पोर शाळंतून आली की तिला तेवढं सांगा, बाबा हितंच हाय, कुठं गेला नाय. ती घाबरंल."

आमचे हे माझ्याकडे पाहून मराठीत पटकन म्हणाले, "सांगू नको तिला. काहीतरी दुसरं सांग. औषध मागतायत म्हण, खलास." माणूस वाईट नाही, पण अडचणीतून पळायची वाट त्याला चटकन दिसते. नीना माझ्या तोंडाकडे पाहत होती. बापासारखीच पाहते ती, सगळ्या अंगानं. मी जसंच्या तसं सांगितलं. तिनं फोन उलटा ठेवला आणि विचारलं, "म्हणजे त्यांना मी कोण वाटते?"

"कुणीतरी चांगली बाई," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

त्याच आठवड्यात इंग्लंडहून निरोप आला. तिथं एका समुद्रकाठच्या गावात म्हाताऱ्या नटनट्यांसाठी एक घर आहे. तिथं खोली मिळणं फार कठीण. नीनानं पूर्वीच नाव नोंदवलं होतं, आता खोली रिकामी झाली होती आणि पुढच्या गुरुवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तिनं मला फोटो दाखवले. भिंतीवर जुन्या नाटकांची चित्रं, बाग, पियानो. चोवीस तास परिचारिका. इथं ती शाळेत असताना काकांजवळ बसायला मिळालेली केरळची मुलगी चांगली होती, पण तिलाही मराठी कुठं येणार?

"तिथं त्यांच्यासारखीच माणसं असतील," नीना म्हणाली. "नाटकवाली."

"पण बोलतील कशात?"

"इथं तरी कशात बोलतायत? तुम्ही आहात म्हणून. उद्या तुम्ही गावी गेलात की?" तिचा आवाज चढला. "मी त्यांची मुलगी आहे आणि मला त्यांच्याशी बोलायला शेजारीण लागते. तिथं निदान ज्यांना त्यांचं कळणार नाही ती परकी माणसं असतील. मी नसेन."

 आम्ही खरोखरच त्या शुक्रवारी महिन्याभराच्या रजेवर रत्नागिरीला निघालो होतो. जाण्याआधी आपण काहीतरी करायला हवं असं मला फार वाटत होतं आणि काय करायचं ते कळत नव्हतं.

कळलं ते तिलाच. सोमवारी शाळेतून थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला भाषा शिकवू नका, तेवढा वेळ नाही. मला संवाद द्या." संवाद! मी थक्क झाले. नटाची मुलगी ती. समोरच्याची वाक्यं वाचत मोठी झालेली. मी तिला चार वाक्यं दिली, आमच्या घरच्या बोलीत, काकांची आई बोलली असती तशी. बाबा, मी नीना. मी तुमची पोर. मी शाळंतून आले. मी आता कुठं जानार नाय. तिनं ती इंग्रजी अक्षरांत लिहूनसुद्धा घेतली नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहून उचलली. दोन संध्याकाळी ती माझ्या ओट्याजवळ उभी राहून तीच चार वाक्यं म्हणत होती आणि मी भाकऱ्या थापता थापता "अजून एकदा" म्हणत होते. माझा मुलगा पलीकडून डोकावून बघायचा. तिचा सूर इतका बरोबर लागला की डोळे मिटले असते तर कुणी रत्नागिरीची बाई बोलतेय असं वाटलं असतं. काकांनी इतकी वर्षं जो सूर तिच्यापासून लपवला तो तिच्या गळ्यात आधीपासून होता की काय कोण जाणे.

बुधवारी दुपारी आम्ही वर गेलो. काकांना मी पाहिलं ते त्या दुपारीच शेवटचं. मी रजेवरून परत येण्याआधीच ते गेले.

ते खिडकीजवळ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. मला पाहून मान हलवली. ओळखलं की नाही सांगता येत नाही, पण माझी बोली ओळखीची वाटत असावी. नीना त्यांच्यासमोर उभी राहिली.  तिनं चारही वाक्यं म्हटली. एकही अक्षर चुकलं नाही.

काकांनी ऐकलं. मंडळाच्या प्रयोगात ऐकलं होतं तसंच, सगळ्या अंगानं. त्यांच्या डोळ्यांत एकदम जाग आली. मला वाटलं, झालं, ओळखलं. 

"बरं म्हनलात हो," काका म्हणाले. मोठ्या माणसानं नवख्याला सांगावं तसं, अगदी मायेनं. "आवाज चांगला हाय. पन पाठ केलेलं कळतंय. खऱ्या मुलीसारखं म्हना."

नीनानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

मी सांगितलं.  मला वाटलं, आता ही खोलीबाहेर निघून जाईल आणि मी तिला दोष देणार नाही. पण ती नाटकवाल्याची पोर. तिनं पदर असता तर खोचला असता, तशा शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पुन्हा सुरुवात केली. बाबा, मी नीना.

"सावकाश," काका म्हणाले. हातानं खूण केली, ती तिलाही कळली.

तिसऱ्यांदा म्हणताना ती 'मी तुमची पोर'पर्यंत आली आणि पुढं तिला बोलताच येईना. तोंड उघडं, शब्द नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. राहिलेली दोन वाक्यं तशीच राहिली.

काका उठले. तिच्याजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता जमलं," ते म्हणाले. "पुढचं बोलूच नका. हे असंच ठेवा." मग जरा थांबून, हळूच, काही मागावं तसं म्हणाले, "उद्या याल ना? माझी नीना शाळंतून येल. तिला दाखवू."

मी इंग्रजी शब्द जुळवू लागले, पण नीनानं हात वर करून मला थांबवलं. तिला कळलं होतं. कितपत, कसं, मला माहीत नाही, पण कळलं होतं.

"येईन," ती म्हणाली. हा शब्द मी तिला दिला नव्हता.

मग तिनं दाराशी जाऊन फोन काढला आणि उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं. मी जवळ जाऊन पाहिलं. खोली दुसऱ्या कुणाला द्यावी, असं तिनं इंग्लंडला कळवलं होतं.

इकडे काका कामाला लागले होते. जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची त्यांनी ओढत खोलीच्या मध्यावर आणली. मागं जाऊन नीना मघाशी उभी होती त्या जागेवर उभे राहिले, तिथून खुर्चीकडे पाहिलं, परत येऊन ती थोडी डावीकडे सरकवली. दमले होते, पण मला हात लावू देईनात. खुर्ची मनासारखी झाल्यावर त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या नीनाकडे पाहिलं आणि तिला बोटानं खूण केली की या खुर्चीत कुणी बसू नका, ही राखून ठेवलेली आहे.